कमरेवरचा पत्रा आधी: एमजीबी जीटी घेणाऱ्या नवशिक्यांसाठी, साताऱ्याहून

रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, कापडी टपाची छोटी गाडी. तिच्यावर कारखान्यानेच पत्र्याचं कायमचं छप्पर चढवलं की ती कूपे होते. अशा कूपे थोड्याच निघाल्या आणि बऱ्याचशा अगदी कमी संख्येत. माझदाने २००३ मध्ये फक्त जपानसाठी आपल्या रोडस्टरची कूपे काढली, ती दोनशेपर्यंतही पोचली नाही. बीएमडब्ल्यूच्या झेड-थ्री कूपेचा 'एम' प्रकार ६,२९१ गाड्यांवर थांबला. इंग्लंडच्या एमजी कंपनीच्या एमजीबी रोडस्टरची कूपे म्हणजे एमजीबी जीटी. तिच्या आठ सिलिंडरच्या, व्ही-एट प्रकाराच्या तर २,५९१च बनल्या. साधी एमजीबी जीटी जगभरात सव्वा लाखाच्या आसपास झाली, त्यामुळे इंग्लंडमध्ये ती सहज दिसते. आपल्याकडे मात्र ती क्वचित विकायला निघते, आणि निघाली की घेणाऱ्याला ठरवायला फार दिवस मिळत नाहीत. म्हणून तयारी आधीच हवी.

इथे जीटीच निवडली आहे, त्याला कारण तिचं इंजिन. बीएमसीचं (एमजीची मालक असलेली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १,७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन म्हणजे आपल्या जुन्या पेट्रोल अँबॅसडरच्या १,४८९ सीसी इंजिनाचा थोरला भाऊ. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, एकच, ८८.९ मिमी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अँबॅसडरचा ७३ मिमी, एमजीबीचा ८०.२६ मिमी. ज्या मिस्त्रींनी टॅक्सी अँबॅसडरची टॅपेटं आयुष्यभर लावली, त्यांना हे इंजिन उघडल्यावर काही नवीन शिकावं लागत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात कूपर आणि किर्लोस्करवाडीपासून इंजिनं, पंप आणि ओतकामाची परंपरा आहे. बोअर करणं, क्रँक घासणं, हेडच्या सीट बसवणं ही कामं इथे होतात.

छपरामुळे काय बदलतं

एमजीबी रोडस्टर १९६२ ची, जीटी ऑक्टोबर १९६५ ची. छपराच्या रेखाटनात गाड्यांची रूपं रेखाटणाऱ्या इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता. त्यांनी समोरची काच उंच केली आणि छप्पर मागे सरळ उतरवत डिकीच्या मोठ्या दारापर्यंत नेलं. छप्पर नंतर ठेवल्यासारखं वाटत नाही, गाडी मुळातच तशी असावी असं वाटतं, ते या उंच काचेमुळे. गाडी सुमारे शंभर किलोंनी जड झाली, पण त्या बदल्यात सांगाडा ताठ झाला. खड्ड्यातून जाताना रोडस्टरचा डॅशबोर्ड जसा थरथरतो तसा जीटीचा थरथरत नाही. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलंडू न देणारी दांडी, जीटीला पहिल्यापासून होता.

साताऱ्यात या छपराचं मोल आणखी वाढतं. कापडी टप चैत्रातल्या उन्हाने कडक होतो, आषाढात त्याला बुरशी धरते, आणि कोरेगाव रस्त्याची धूळ वर्षभर आत येते. कूपेला पाऊस निभावता येतो, मागे सामान राहतं, दार कुलूपबंद होतं. मागची सीट लहान मुलांपुरतीच समजा. तोटा एकच आणि तो खरा आहे: काचा मोठ्या असल्याने उन्हात आत भट्टी होते.

कमरेखालचं रोडस्टरचं, कमरेवरचं दुर्मीळ

दुर्मीळ कूपे घेताना हा एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. खिडकीच्या खालच्या रेषेला गाडीची कमर म्हणा. कमरेखालचं जवळजवळ सगळं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, सिल (दारांखालची पत्र्याची पेटी), लाखोंनी बनलेल्या रोडस्टरशी जुळतं. एमजीबीचे हे भाग आजही इंग्लंडमध्ये नवे बनतात, मागवले की येतात. कमरेवरचं मात्र कूपेचंच: समोरची उंच काच, बाजूच्या मागच्या काचा, मागचं दार, त्याची काच, छपराच्या पन्हळी, रबरं. यातली काच फुटली किंवा मागचं दार सडलं तर ते जहाजाने येईपर्यंत गाडी उभी. माझदा आणि झेड-थ्रीच्या कूपेलाही हाच नियम लागतो, आणि तिथे भाग शोधणं जीटीपेक्षा पुष्कळ अवघड आहे.

म्हणून इंजिन बंद पडलेली पण छप्पर, काचा आणि मागचं दार शाबूत असलेली जीटी घ्यावी. मखमली इंजिनाची, पण मागच्या दाराची खालची कड पुट्टीने भरलेली गाडी सोडून द्यावी. नवशिके याच्या नेमकं उलट करतात, कारण इंजिनाचा आवाज कानावर पडतो आणि गंज पडत नाही.

पाहायला जाताना

बरोबर घ्या: पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायला), मल्टिमीटर, आणि इंची पाने. हे शेवटचं विसरू नका. या गाडीचे नट-बोल्ट इंची आहेत, ७/१६, १/२ आणि ९/१६ चे पाने सतत लागतात. १३ चा पाना १/२ वर 'बसतो', आणि दुसऱ्या खेपेला बोल्टचे कोपरे गोल करतो.

सकाळच्या उजेडात, कोरड्या गाडीपाशी जा. ओल्या रंगात पुट्टी दिसत नाही. इंजिन गार हवं. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दोन तास थांबा.

पत्रा, सावकाश

आधी छप्पर. पन्हळीत बोट फिरवा, रंगाखाली फुगवटे लागतात का पाहा. मागचं दार उघडून खालची कड आतून बघा: पाणी तिथेच साचतं आणि दार आतून बाहेर सडतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून कडेला गंजाचा भुगा, हे नेहमीचं चित्र. मग गालिचा उचलून स्टेपनीच्या खोलग्यात हात घाला. ओल लागली तर पाणी दाराच्या रबरातून किंवा मागच्या काचेतून येतंय.

समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली आहेत का ते बघा. तिथलं पाणी एका नळीने खाली उतरतं. ती तुंबली की पाणी थेट पायाशी येतं आणि जमिनीचा पत्रा जातो.

आता कमरेखाली. या गाडीला वेगळी चॅसी नाही. दारांखालचे सिल हाच तिचा कणा. सिल तीन थरांचा असतो: बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची पट्टी, जिला एमजीवाले 'कॅसल रेल' म्हणतात. दिसतो फक्त बाहेरचा. तोच नवा ठोकून रंगवलेली गाडी वरून ठणठणीत दिसते. चुंबक दाराच्या पुढून मागच्या चाकापर्यंत खाली धरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी किंवा फायबर आहे. मागच्या चाकापुढचा वळणदार कोपरा आणि पुढच्या मडगार्डची खालची मागची बाजू इथे विशेष लक्ष द्या.

यानंतरची तपासणी सगळ्यांत बोलकी. दार बंद करून त्याच्या मागच्या फटीकडे पाहा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे बसली आहे. मग जॅकच्या जागी सावकाश जॅक लावा, चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल इतकंच. पत्र्यातून करकर आवाज आला तर लगेच थांबा. आवाज नसेल तर दार उघडून बंद करा. अडकलं तर सिल कामातून गेला. गाडी जॅकवर असताना खाली कुणी जाऊ नये. खाली बघायचं असेल तर पिटवर न्या.

मागच्या सीटखाली झाकण आहे. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, नंतर बारा व्होल्टची एक. ॲसिड सांडून बॅटरीची पेटी सडते आणि वरून कुणाला दिसत नाही. मागच्या लीफ स्प्रिंगचे टेकू याच भागात आहेत. तिथे स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर किंमत अर्ध्यावर आणा, नाहीतर परत फिरा.

सांगली, मिरज किंवा कृष्णाकाठची गाडी असेल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत ती कुठे उभी होती ते विचारा, आणि उत्तर ऐकूनही स्वतः तपासा. गाळ धुतला तरी हेडलाइटच्या वाटीत, हीटरच्या डब्यात, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे आणि सिलच्या पोकळीत राहतो. सिलच्या तळाला पाणी जायच्या खाचा असतात. त्यांत तार घालून बाहेर काढा. तांबूस भुगा निघाला तर तो गंज, करडी मऊ माती निघाली तर तो पुराचा गाळ.

सिल बदलावे लागले तर काम करणाऱ्याला एवढं आधी सांगा: कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यायची. गाडी सपाट जागी, दोन्ही ॲक्सलवर टेकलेली हवी. एका वेळी एकच बाजू. छप्पर आहे म्हणून आधार नको असं काही जण म्हणतात. छप्पर वरची बाजू धरून ठेवतं, खालची नाही. आधाराशिवाय कापलेल्या गाडीचं दार पुन्हा कधीच नीट लागत नाही.

इंजिन आणि गिअर

जीटीचं इंजिन पहिल्यापासून पाच मेन बेअरिंगचं (क्रँकला धरणारी बेअरिंगं) आहे. अँबॅसडरचं तीनचं. त्यामुळे क्रँक किंवा बेअरिंग तिकडचं इकडे चालणार नाही. हात सारखा आहे, भाग सारखे नाहीत.

चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घ्या. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी आलं तर मधलं गॅस्केट फुटलेलं असू शकतं. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर चालताना ५० ते ७० पौंड हवं. आयडलला २० च्या आसपास आलं तरी घाबरू नका.

टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली) ०.०१५ इंच, गार इंजिनावर. क्रम लावायला 'नऊचा नियम' वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला लावा, सातवा उघडा असताना दुसरा, असं बेरीज नऊ ठेवत शेवटपर्यंत. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

लावलेलं टॅपेट हजार किलोमीटरात पुन्हा घट्ट होत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजतेय. हे हेड शिशाच्या पेट्रोलसाठी बनलं होतं आणि ते पेट्रोल कधीच बंद झालं. हेड एकदा उतरवून कडक सीट बसवून घ्या. हा खर्च टाळता येत नाही.

गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच जातं, २०डब्ल्यू-५०. सवयीने नव्वद नंबरचं घातलं जातं आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड, काम करेनासा होतो. मागच्या ॲक्सलला मात्र नव्वदचंच, सुमारे ८५० मिली. १९६७ अखेरपर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवणारी कडी) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर दात खरडणारच, तो दोष नव्हे.

वायरिंग

१९६७ पर्यंतच्या गाड्या डायनामोच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. बॅटरीची अधिक खूण बॉडीला जोडलेली असते. हे न पाहता मोबाइलचा चार्जर किंवा नवा रेडिओ जोडला की तो तिथेच जळतो. नंतरच्या गाड्या अल्टरनेटरच्या, निगेटिव्ह अर्थच्या. बॅटरी काढताना नेहमी अर्थची केबल आधी, मग ती कुठल्याही खुणेची असो.

गाडीची विजेची सामग्री ल्युकास कंपनीची. तिच्या वायरिंगचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी कायम चालू, पांढरा चावीवर, हिरवा चावी आणि फ्यूजमधून, जांभळा फ्यूजमधून कायम, काळा अर्थ. तपकिरीला फ्यूज नसतो. तिचं आवरण कुठे घासलं तर पूर्ण हार्नेस पेटू शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. दिवे मंद किंवा लुकलुकते असतील तर दहापैकी बहुतेक वेळा दोष अर्थचा. जोड उघडा, पॉलिश पेपरने घासा, परत आवळा.

पेट्रोल पंप मागे, उजव्या चाकापुढे. चावी दिल्यावर टकटक करून थांबला तर ठीक. थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा वाटेत हवा शिरतेय. अजिबात टकटक नसेल तर त्याचे पॉइंट जळालेत. रस्त्यात पान्याच्या दांड्याने हळू ठोकल्यास तो घरापर्यंत चालतो, पण घरी आल्यावर पॉइंट बदलायचेच.

घाटातली परीक्षा

सपाट रस्त्यावर ही गाडी खोटं बोलू शकते, घाटात नाही. समर्थ मंदिरावरून बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट चढा. तापमानाचा काटा मधे थांबायला हवा. वर पोचून पाच मिनिटं आयडलवर ठेवा. काटा चढतच राहिला तर रेडिएटर आतून तुंबलाय. उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद, तिसरा गिअर. या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असतो. वळणावर स्टिअरिंग जड लागून स्वतः परत येत नसेल तर किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात ते, ग्रीसविना सुकलेत.

कागद

चॅसी नंबर जीएचडी या अक्षरांनी सुरू होतो का बघा. डी म्हणजे जीटी. जीएचएन असेल तर ती कागदावर रोडस्टर आहे, आणि छप्पर मागाहून कुठून तरी आलंय. व्ही-एटचा नंबर जीडी-टू-डी-वन असा. आरसी, चॅसीवरची पट्टी आणि इंजिन नंबर तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आपल्याकडे साताऱ्याचा एमएच-११, कऱ्हाडचा एमएच-५०, सांगलीचा एमएच-१०. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो: नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचं. दर रविवारी कासला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवा आणि दर पाच वर्षांनी पासिंग करून पर्यावरण कर भरा. आमचं मत साध्या नोंदणीच्या बाजूने आहे. ही गाडी चालवण्यासाठीच चांगली आहे.

घरी आणल्यावर पहिला महिना

सगळी द्रवं बदला, विक्रेता काहीही म्हणो. इंजिन ऑइल सुमारे सव्वाचार लिटर, ऑइल कूलर असेल तर अर्धा लिटर जास्त. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, साडेपाच लिटरच्या आसपास. ब्रेक ऑइल डॉट-४.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या लावा. आता पंपावर ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि जुनं रबर त्याने मऊ होऊन सुटतं. त्याचा काळा भुगा कार्ब्युरेटरच्या सुईत अडकतो, मग कार्ब्युरेटर ओसंडतो. इथेनॉलमुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळही होतं. एसयू कार्ब्युरेटरचा जेटचा नट आधी पूर्ण वर, मग बारा फ्लॅट (नटाच्या बाजू), म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली ही सुरुवात. दोन्ही कार्ब्युरेटरची हवा रबरी नळी कानाला लावून सारखी करा. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन किंचित उचलून पाहा: इंजिन मरत असेल तर पातळ, वेग घेऊन तसंच पळत राहिलं तर दाट, क्षणभर वाढून परत स्थिर झालं तर बरोबर. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत) २० नंबरचं ऑइल घालायला विसरलात तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळेल.

किंगपिनला प्रत्येक बाजूला ग्रीस भरायची तीन निपल. चाक उचलून, वजन काढून ग्रीस मारा. वजन असताना मारलेलं ग्रीस पिनभोवती फिरत नाही, एका बाजूनेच बाहेर येतं. दर ५,००० किलोमीटरला हे काम.

टायर १६५/८० आर-१४. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला हाच आकार येतो, त्यामुळे साताऱ्यात कुठेही मिळतो. तारेची चाकं असतील तर आत ट्यूब हवीच.

पावसाळा

मे महिन्यात पाण्याची परीक्षा घ्या. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा नळी घेऊन बाहेर. पाणी खालून वर न्यायचं, प्रत्येक जागी दहा मिनिटं: आधी दारं, मग समोरची काच, बाजूच्या काचा, शेवटी मागचं दार. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून आलं ते कळत नाही. गळती सापडल्यावर वरून सिलिकॉन थापू नका. त्याखाली पाणी अडकून पन्हळ सडते. रबर बदला.

दारांच्या आणि सिलच्या खाचा तारेने मोकळ्या करा आणि पोकळीत पातळ गंजरोधक मेण फवारा. गंजावर जाड काळं डांबरी अंडरकोट मारणं सगळ्यांत वाईट. ओल आत बंद होते आणि पुढच्या पावसापर्यंत पत्रा चाळणी होतो.

गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, टायरमध्ये पाच-सहा पौंड हवा जास्त भरा, क्लच पेडल फळीने दाबून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. ताडपत्री नको, सुती आच्छादन घाला. आणि दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू करून बंद करण्याची सवय टाळा. तेवढ्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी जमतं, ते उडून जात नाही. उघडीप मिळेल तेव्हा पंधरा किलोमीटर चालवा, ऑइल नीट तापेपर्यंत. परत आल्यावर मागचं दार दहा मिनिटं उघडं ठेवा, म्हणजे आतली वाफ खालच्या कडेवर उतरायच्या आधी निघून जाते.